चित्रातला उंबरठा

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचं एक फारसी हस्तलिखित आहे. अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं हे काव्य आफताबी नावाच्या कवीने रचलं. १५६५च्या जानेवारीत राक्षसतागडीच्या रणावर विजयनगरचा पाडाव झाला, त्या विजयाचं वर्णन त्यात आहे आणि राणी खुंजा हुमायूनच्या सौंदर्याचंही. त्यातली बारा चित्रं आज शिल्लक आहेत आणि दख्खनी चित्रकलेच्या अगदी पहिल्या खुणांमध्ये त्यांची गणना होते. राजा तख्तावर बसला आहे, अवतीभवती महालाची चौकट आहे, सेवक आपापल्या जागी उभे आहेत. राजाच्या शेजारी मात्र, जिथे राणी असायला हवी तिथे, बहुतेक चित्रांत रंगाचा एक मळकट डाग दिसतो. कुणीतरी तिला जाणूनबुजून पुसून टाकलं आहे.

हुसेन त्याच वर्षी वारला. मुलगा मूर्तजा लहान होता, म्हणून खुंजा हुमायूनने कारभार हाती घेतला. चार वर्षं तिने निजामशाही चालवली आणि १५६९ मध्ये मुलाने तिला कैदेत टाकलं. चित्रांतली राणी त्यानंतर कधीतरी पुसली गेली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला या चित्रांत खिळवून ठेवतं ते वेगळंच. पुसणाऱ्याने बाई पुसली, पण तिच्यासाठी उभी केलेली वास्तू त्याला पुसता आली नाही. महाल दोघांच्या मापाने रंगवलेला आहे, तख्त दोघांच्या मापाने मांडलेलं आहे. तिथे एकटाच बसलेला राजा बघताना डोळा आपोआप रिकाम्या अर्ध्या भागाकडे जातो. तिचं नाव माहीत नसलेला माणूसही विचारील, इथे कोण होतं?

चित्रातली इमारत बघायला मी या हस्तलिखितापासून शिकलो. त्याआधी चित्रातले महाल, कमानी, जिने, सज्जे मला माणसांच्या पाठीमागे टांगलेल्या पडद्यासारखे वाटायचे. आता वाटतं, चित्रकार आधी जागा ठरवतो आणि मग माणसं तिथे येतात. कोण आत, कोण बाहेर, कोण उंचावर, कुणाला खिडकीतून बघायची मुभा आहे आणि कुणाला फक्त दिसायची, हे सगळं चेहरे रंगवण्याच्या आधीच भिंती सांगून टाकतात.

मी रेवदंड्याचा. हायस्कुलात चित्रकला शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो मूर्तजा परका नाही, कारण आईला कैद करून दीड वर्ष झालं नाही तोच तो फौजा घेऊन आमच्या दारात आला. वरचं चौल निजामशाहीचं मोठं बंदर, खालचं चौल, म्हणजे आजचं रेवदंडा, पोर्तुगीजांचं. १५७०-७१ मध्ये मूर्तजाने या खालच्या चौलाला महिनोन्महिने वेढा घातला आणि शेवटी तह करून परत फिरला. ज्या तटाशी तो थांबला त्याच तटातून आज अलिबाग-मुरूडची एसटी वळण घेत जाते. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, त्या वाड्यांमध्ये चर्चांच्या उघड्या भिंती आणि त्या सगळ्यांच्या वर डोकं काढून सातखणी मनोरा. वरचे खण पडले, तरी नाव सातखणीच राहिलं.

खुंजा हुमायूनची मुलगी म्हणजे चांदबीबी. आईला महालाच्या आतून पुसलं गेलं, आणि मुलीची जी चित्रं गाजली त्यांत ती घोड्यावर बसून, हातावर ससाणा घेऊन मोकळ्या माळावर शिकारीला निघालेली आहे. ही चित्रं तिच्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी आणि त्याहूनही पुढे रंगवली गेली, तीही निरनिराळ्या हातांनी. तरीही चित्रकार फिरून फिरून तिला उघड्यावरच का काढत राहिले? मला वाटतं, जिने अहमदनगरच्या किल्ल्याचं पडलेलं भगदाड रातोरात बुजवून घेतलं अशी ख्याती आहे, तिला महिरपीखाली बसवणं त्या चित्रकारांच्या मनाला पटलंच नसावं. वास्तू न काढणं हीसुद्धा एक वास्तुरचनाच असते.

वरच्या चौलात एक पडका हमामखाना आहे. रान माजलेलं, भिंतींचा चुना सुटलेला, पण घुमटाखाली उभं राहिलं की ही न्हाणीघराची इमारत आहे हे कळतं. हमामाच्या घुमटाला उजेडासाठी भोकं ठेवतात, म्हणजे आतल्या माणसाला ऊन मिळतं आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. या वास्तूत वावरणारी माणसं कशी असतील, याचं चित्र मला सापडलं ते हेरातच्या चित्रकलेत. बिहजाद या इराणी चित्रकाराच्या नावावर असलेलं, १४९४ च्या सुमाराचं, निजामीच्या ‘खमसा’च्या एका प्रतीतलं ते चित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. खलीफा हमामात हजामत करून घेतो आहे. खलीफाचा प्रसंग एका कोपऱ्यात. आणि वर, दोऱ्यांवर, निळे पंचे ओळीने वाळत घातलेले; एक नोकर लांब काठीने त्यातला एक पंचा काढतो आहे. राजाच्या गोष्टीत चित्रकाराने वाळत घातलेले पंचे रंगवले आणि त्यांनाच सर्वांत सुंदर रंग दिला. चौलच्या त्या ओसाड हमामखान्यात मी आता त्या दोऱ्या मनाने बांधतो. अरबस्तानातून घोडे घेऊन आलेले व्यापारी, पंचा खांद्यावर टाकून उभी असलेली पोरं, पाणी तापवणारा घामेजलेला माणूस.

बिहजादचंच एक चित्र, १४८८ चं, कैरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं, माझ्या मते दाराचं जगातलं सर्वांत मोठं चित्र आहे. युसुफच्या मोहात पडलेली जुलेखा त्याला सात दालनांच्या महालात घेऊन जाते आणि प्रत्येक दालनाचं दार मागे बंद करत जाते. चित्रात जिने आहेत, सज्जे आहेत, फरशांच्या नक्षी आहेत आणि जिकडेतिकडे बंद दारं. महाल असा वळणावळणाचा काढला आहे की बघणाऱ्याचा डोळाही आत अडकतो. कुठून आलो आणि कुठून जायचं ते सापडत नाही. अगदी वरच्या दालनात ती त्याला धरायला झेपावते आहे आणि तो निसटतो आहे. गोष्टीत पुढे दारं आपोआप उघडतात, पण बिहजाद ती उघडी काढत नाही. सुटकेचा क्षण त्याने फक्त युसुफच्या शरीरात ठेवला आणि सगळा महाल मोहाच्या बाजूने उभा केला. दुसरं कोणतंही सजीव पात्र या चित्रात नाही, आणि तरी ते गच्च भरलेलं आहे.

याच्या उलट टोकाचं दार आपल्याकडे अजिंठ्यात आहे. पहिल्या लेण्यात, डाव्या भिंतीवर, महाजनक जातकाची कथा आहे. राजवाड्यातलं नाचगाणं, बारीक रंगीत खांबांचे मंडप, राणी सीवलीची समजूत काढणारी नजर, आणि मग एक दरवाजा, ज्यातून राजा घोड्यावर बसून बाहेर पडतो. अजिंठ्याच्या चित्रकाराला चौकटी आखून प्रसंग वेगळे करायचे नव्हते. त्याने खांब आणि दरवाजे वापरले. एका खांबाच्या अलीकडे संसार, पलीकडे त्याग. हे मंडप लाकडाचे असणार; पाचव्या शतकातली ती लाकडी घरं कधीच मातीला मिळाली. त्या काळच्या महाराष्ट्रातल्या घरांचे खांब किती बारीक असत, छपराची वळचण कशी पुढे येई, सज्ज्यात बाई कशी टेकून उभी राही, हे आज आपल्याला कळतं ते केवळ चित्रांमुळे. खरी घरं गेली, रंगवलेली राहिली.

आमच्या किनाऱ्याचं चित्र मात्र कुणी आतून काढलं नाही. निदान मला तरी जी जुनी चित्रं बघायला मिळाली ती सगळी बाहेरून, लांबून किंवा वरून काढलेली आहेत. त्यातलं मला सर्वांत जवळचं वाटणारं, आणि सर्वांत त्रास देणारंही, १६३५ चं आहे. गोव्यातला पोर्तुगीज बखरकार अँतोनियु बोकारो याने पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज ठाण्यांची हकीकत लिहून राजाला पाठवली. तिच्यातले रंगीत नकाशे पेद्रु बारेतु द रेझेंद याचे. त्यात चौल आहे. तटबंदी, बुरूज, चर्चं, घरं, आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर, ज्याला ते मोरो म्हणत. सगळं वरून बघितलेलं. कोणता बुरूज कोणत्या दिशेला, कुठे किती माणसं, कुठे किती तोफा, हे राजाला बसल्या जागी कळावं म्हणून ते चित्र काढलं आहे. तटाबाहेर जिथे आमची चौलची आगरं, पाखाड्या, तळी आणि देवळं होती, तिथे सांगण्यासारखं काही नाही. ज्याची मोजदाद करायची नव्हती ते काढायचंही नव्हतं.

वरून बघणं म्हणजे नेहमीच मोजणं असतं असं मात्र नाही. जपानमध्ये बाराव्या शतकात ‘गेंजी’ या राजपुत्राच्या कथेच्या ज्या चित्रगुंडाळ्या झाल्या, ज्यांचे तुकडे नागोया आणि टोकियोच्या संग्रहालयांत जपून ठेवले आहेत, त्यांत चित्रकाराने घराचं छप्परच काढून टाकलं आहे. तुळया दिसतात, पडदे दिसतात, सरकत्या दारांच्या तिरप्या रेघा दिसतात आणि खाली, चटयांवर, माणसं बसलेली. चेहरे जवळजवळ सारखेच. डोळ्यांच्या जागी एक रेघ, नाकाच्या जागी आकडा. मग दुःख कुठे दिसतं? ते दिसतं घराच्या रेघांच्या उतारात. प्रसंग जितका बिकट तितक्या ओसऱ्यांच्या, पडद्यांच्या, चौकटींच्या रेघा जास्त तीव्र तिरप्या. एका चित्रात मरणपंथाला लागलेली मुरासाकी आणि तिच्याजवळ बसलेला गेंजी यांना त्या उतरत्या रेघांनी असं कोपऱ्यात रेटलं आहे, की घर कलंडून माणसं त्यातून सांडतील असं वाटतं. रेझेंदची नजर आणि त्या जपानी चित्रकाराची नजर, दोन्ही आकाशातून आलेल्या. एकाने छपरं राखली आणि माणसं गाळली, दुसऱ्याने माणसांसाठी छपरं उचलली.

याच जपानात पुढे पोर्तुगीज पोचले, आणि तिथल्या चित्रकारांनी त्यांचे मोठमोठे घडीचे पडदे रंगवले. कानो नाइझेनचा जो पडद्यांचा जोड कोबेच्या संग्रहालयात आहे, त्यात एका बाजूला पोर्तुगीज गलबत परदेशातल्या बंदरातून निघताना दाखवलं आहे. ते बंदर चित्रकाराने कधी पाहिलेलं नव्हतं, मग त्याने तिथे चिनी धाटणीचे मंडप, वाकदार छपरं उभी केली. दूरदेश म्हटला की असाच असणार! आमच्या बाजूला तेच उलटं घडलं. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये अकबराच्या दरबारात पोचले आणि त्यांनी नेलेल्या पुस्तकांतली कोरीव चित्रं मोगल चित्रकारांच्या हाती पडली. त्यानंतर मोगल चित्रांच्या क्षितिजावर निळसर धुक्यात एखादं बारकं फिरंगी शहर उगवायला लागलं: टोकदार मनोरे, उतरती छपरं. पुढे हरीण पळतं आहे, शेख बसला आहे, आणि मागे लांब कुठेतरी युरोप. रेवदंड्याचा सातखणी मनोरा समुद्रावरून लांबून बघितला, पावसाळ्याआधीच्या धुरकट हवेत, तर नेमका तसा दिसतो. मोगल चित्रकारासाठी ते दूरचं नगर म्हणजे ऐकीव जग होतं. आमच्यासाठी ते रोजचं होतं, फार तर तीन-चार पाखाड्या ओलांडून पलीकडचं.

रेवदंड्याच्या त्या चर्चांमध्ये एके काळी वेद्यांवर चित्रं असणार. आता भिंती आहेत, कमानी आहेत, एखाद्या छतावर अजून चुन्याची नक्षी टिकून आहे, चित्र नाही. अशा रिकाम्या वेदीसमोर उभं राहिलं की मला फ्लॉरेन्सच्या सॅन मार्को मठातलं फ्रा अँजेलिकोचं भित्तिचित्र आठवतं. जिना चढून वर आलं की समोरच ते आहे. देवदूत मरियेला सांगायला आला आहे की तुझ्या पोटी देवाचा पुत्र जन्माला येईल. युरोपात हा प्रसंग शेकडो जणांनी रंगवला. फ्रा अँजेलिकोने तो एका पडवीत घडवला: सडपातळ खांब, वर कमानींचं छत, एका बाजूला कुंपण घातलेली बाग, आणि मरियेच्या मागे एक उघडं दार, आतल्या खोलीची गजांची छोटी खिडकी. दूत आणि मरिया यांच्या मध्ये खांब. तो खांब ओलांडत कुणीच नाही.

कोकणातल्या माणसाला हे चित्र कुणी समजावून सांगावं लागत नाही. आलेला माणूस ओटीवर थांबतो. कितीही मोठा असो, आतलं दार त्याच्यासाठी नाही. बोलणं ओटीवर होतं, लग्नं ओटीवर जुळतात, सुतकाच्या बातम्या ओटीवर सांगितल्या जातात, आणि माजघराच्या दारात, चौकटीला धरून, घरातली बाई उभी असते. ओटीवर जे ठरेल ते तिच्या पाठीमागच्या खोलीला लागू होणार असतं. आमच्या आजीला हे चित्र दाखवलं असतं तर तिने देवदूताचे पंख नंतर पाहिले असते. आधी म्हणाली असती, ‘पाहुण्याला बसायला पाट कुठाय?’ आणि तिचं ते विचारणं कलेच्या कुठल्याही पुस्तकातल्या टिपणाइतकंच नेमकं ठरलं असतं, कारण पाहुण्याला बसवलेलं नाही, तो घाईचा आहे, हेच तर चित्रकाराने सांगितलं आहे.

अलिबागच्या इस्रायल आळीत घराच्या चौकटीला उजव्या हाताला मेझुझा लावलेला दिसतो. आत धर्मवचनं लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी. बेने इस्रायल माणसं या किनाऱ्यावर नवगावजवळ गलबत फुटून उतरली अशी त्यांची परंपरा सांगते. ज्यू लोकांच्या जुन्या छापील पुस्तकांत आणि विवाहाच्या करारपत्रांत, जगभर, मजकुराभोवती दोन खांब आणि वर कमान काढायची रीत आहे. त्यांचं जेरुसलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये पाडलं गेलं. ज्या समाजाची मुख्य वास्तू उरली नाही त्याने ती कागदावर काढत राहावं आणि प्रत्येक पुस्तकाच्या, प्रत्येक लग्नाच्या तोंडाशी एक दरवाजा उभा करावा, हे मला फार मोठं वाटतं.

घारापुरीचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मुंबईकरांना ते बेट मुंबईचं वाटतं, पण तो आमच्या उरण तालुक्याचा भाग आहे. सहाव्या शतकाच्या मध्यावर कोरलेली ती लेणी थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्याने १७९३ मध्ये मुंबईत आले असताना पाहिली, रेखाटली आणि पुढे त्यांची मुद्रित चित्रं लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ती चित्रं मी अनेकदा वर्गात दाखवली आहेत. खोल सावली, तिरका उजेड, भग्न खांब, वेली, आणि मापासाठी ठेवलेली चिमुकली माणसं. त्या काळच्या युरोपला भग्नावशेषांचं वेड होतं. रोमच्या पडक्या देवळांची चित्रं काढून झाली होती, आता पूर्वेची पाळी होती. तुटलेला खांब म्हणजे ओसरलेलं वैभव, गेलेलं साम्राज्य, काळाचा विजय. बघणाऱ्याने उसासा टाकावा.

पण घारापुरीत तुटलेल्या खांबाचा अर्थ रोमसारखा होत नाही. रोममध्ये खांब तुटतो तेव्हा छप्पर खाली येतं. घारापुरीत खांब खालून तुटले आणि त्यांचे उशीसारखे गोल, पाकळ्यांच्या रेघा कोरलेले माथे वर छताला लटकत राहिले, कारण ते छताचेच होते. डोंगर आतून कोरत गेले, नको तेवढा दगड काढला आणि खांबाच्या आकाराचा ठेवला. म्हणजे घारापुरीचा खांब हा मुळातच खांबाचं चित्र आहे, दगडात काढलेलं. भार डोंगर पेलतो. कोरणाऱ्याने कुठेतरी बांधलेल्या देवळाचे खांब पाहिले होते आणि शंकराचं घर म्हणजे असंच असलं पाहिजे, म्हणून ते इथे काढले, जिथे त्यांची गरज नव्हती तिथे. हे एकदा लक्षात आलं की डॅनियलांच्या चित्रातला उसासा तोकडा वाटायला लागतो. त्यांनी जिथे ऱ्हास पाहिला तिथे छप्पर जागच्या जागी होतं, गाभाऱ्याची चारही दारं उघडी होती, आणि महाशिवरात्रीला माणसं होड्यांतून यायची ती आजही येतात. पुढे पुरातत्त्व खात्याने अनेक खांब नव्याने उभे केले. आता जाणाऱ्याला जुना कोणता आणि नवा कोणता ते चटकन कळत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण तिथे खांब नेहमीच डोळ्यांसाठी होते.

किनाऱ्याने वर, पालघरकडे गेलं की वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात. गेरूच्या किंवा शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, सवाष्णींच्या हाताने. चारी बाजूंनी नक्षीची पट्टी, मधे पालघट देवी. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. इथे चित्र आणि वास्तू यांच्यातली फट बुजून जाते. तो चौक घराचं चित्र नाही, देवीचं घरच आहे. लिहून पुरा झाला की ती त्यात येऊन बसते. आपल्याकडे दिवाळीत उंबरठ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढतात तीही याच जातीची. पावलं बाहेर तोंड करून काढली तर घरातली कोणतीही बाई लगेच हटकेल. चित्रात दिशा चुकली तर गोष्ट चुकते, हे तिला शिकवावं लागत नाही.

आणि मुलं? मुलांना चित्र काढा म्हटलं की मराठी मुलखातलं कोणतंही मूल एकच चित्र काढतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, आणि एका बाजूला घर: मधोमध बंद दार, दोन्हीकडे एकेक खिडकी, वर कौलांच्या रेघा. रेवदंड्यात, चौलात, नागावात समुद्राच्या हाकेवर राहणारी मुलंसुद्धा समुद्र काढत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घराला पडवी असते, ओटी असते, झोपाळा असतो, न्हाणी असते, मागीलदारी आंबाडीचा किंवा अळवाचा वाफा असतो, विहिरीवर पंप असतो. चित्रातल्या घराला यातलं काहीच नसतं. त्या घरात कुणी राहतही नाही. दार बंद असतं आणि ते कुणी उघडील असं कधी वाटत नाही.

अलीकडे तसलं घर मोठ्या आकारात रस्त्यावर आलं आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली तेव्हापासून अलिबागच्या वाटेवर बंगल्यांचे फलक लागले आहेत. संगणकावर काढलेली चित्रं: पांढऱ्या भिंती, काचेची सरकती दारं, निळा तलाव, एक-दोन माड, स्वच्छ आकाश. अंगणात वाळत घातलेलं काही नाही, शेजार नाही, कुत्रं नाही, तुळस नाही. ही आजची खरीखुरी वास्तुचित्रं आहेत आणि आपण ती बिहजाद बघावा तितक्याच लक्षपूर्वक बघितली पाहिजेत, कारण त्यांच्यावरून जमिनी विकल्या जातात. रेझेंदच्या नकाशात तटाबाहेरचं गाव कोरं होतं. या फलकांवर कुंपणाबाहेरचं गाव कोरं आहे. ज्या वाडीच्या जागी तो बंगला उभा राहणार तिथे सुपाऱ्या सोलणारी माणसं होती, हे त्या चित्राला ठाऊक नाही, आणि विकत घेणाऱ्यालाही ठाऊक होणार नाही. मला राग येतो तो याचा. बंगला बांधायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. चित्रात जागा दाखवताना माणसं उचलून ठेवू नयेत, एवढंच मागणं आहे.

वर्गात मी एक काम देत असे. तुमचं घर काढा, पण बाहेरून नाही. तुम्ही रोज जिथे बसून जेवता तिथे बसा आणि तिथून जे दिसतं ते काढा. पहिल्यांदा मुलं गोंधळतात, कारण आतून घराला आकार नसतो. छप्पर दिसत नाही, दोन खिडक्या सारख्या येत नाहीत, दार अर्धंच दिसतं. मग हळूहळू वस्तू यायला लागतात: फळीवरचे डबे, कोनाड्यातला देव, भिंतीला टेकवलेली वल्ही, कोळ्यांच्या घरात जाळ्यांची गाठोडी. आणि माणसं येतात. माणसं कुठे बसवायची याबद्दल मुलं फार काटेकोर असतात. वडील ओटीवर, आजोबा झोपाळ्यावर, आई चुलीशी किंवा मागीलदारी, आणि स्वतः बहुतेक वेळा उंबरठ्यावर, जिथे बसू नको म्हणून रोज ओरडा खावा लागतो.

एका मुलीने आईला झोपाळ्यावर बसवलं होतं, पाय पसरून, हातात काही काम नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘सर, हे चूक आहे, तिथे आजोबा बसतात.’ ती म्हणाली, ‘दुपारी सगळे झोपतात तेव्हा आईच बसते, मी बघितलंय.’ मग आख्ख्या वर्गात वाद लागला. कुणाच्या घरी दुपारी कोण कुठे बसतं, कुणाची आजी पुढच्या दारात पान खात बसते, कुणाच्या घरी ओटीच नाही मग पाहुणे कुठे थांबतात, कोळीवाड्यात वाटच ओटी असते की नाही, चाळीत राहायला गेलेल्या मामाकडे दाराबाहेरच्या गॅलरीला काय म्हणायचं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी तीन-चार जणांनी नवे कागद आणले आणि घरातली माणसं नव्याने बसवायला घेतली.